फादर स्टीफन्स व सुयांचें भूशिर

आमच्या वैनगंगेवर डोंगा हीच नौका. मग चांदा-गडचिरोलीच्या अरण्यांतील वाचकांस समुद्रावरील भूशिराची कथा कां सांगावी, असें कोणी विचारील. परंतु ‘क्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध ग्रंथाचे कर्ते आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं बुडतां बुडतां वांचले, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून त्यांचें हें अल्प चरित्र आम्ही या महोत्सव-अंकांत देत आहों.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत कॅथलिकांचा छळ चालू होता. त्यांनीं स्वदेश सोडला, १५७५ सालीं रोम येथें येशूसंघांत प्रवेश केला आणि ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून गोव्याकडे प्रयाण केलें.

सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला; तत्पूर्वीं युरोपांतून केवळ जलमार्गें येणाऱ्यास आफ्रिकेला वळसा घालण्यावांचून गत्यंतर नव्हतें. हें टोंक १४८८ सालीं बार्तोलोमेउ दियश यानें प्रथम ओलांडलें. वादळांचें हें स्थान; तरी हिंदुस्थानची वाट सांपडेल या भरंवशानें त्यास ‘उत्तम आशेचें भूशिर’ हें नांव मिळालें. खंडाचें खरें दक्षिण टोंक त्याच्या आग्नेयेस आगुल्याश येथें आहे. या पोर्तुगीज नांवाचा अर्थ सुया. त्या काळीं होकायंत्राची सुई तेथें नेमकी उत्तर दाखवी, त्यावरून तें पडलें असें म्हणतात. पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचें खात्रीचें साधन तेव्हां नव्हतें. पक्षी, तरंगणारें गवत व समुद्राचा तळ यांवरून खलाशी भूशिर ओळखीत आणि किनारा दृष्टीस पडण्यापूर्वींच दूरून निघून जात.

जुलैअखेर फादरांचें जहाज तेथें पोहोंचलें. वादळ नव्हतें, लाटा मात्र प्रचंड होत्या. वारा आपल्या हातचा आहे या भ्रमांत तांडेलानें जहाज जमिनीच्या फार जवळ नेलें. इतक्यांत वारा फिरून दक्षिणेचा झाला. १४ वावांहूनहि कमी पाणी, खालीं धारदार खडक; नांगर ठरेनात, ते गमावले. उतरण्याजोगा किनाराहि नव्हता. सर्वांनीं जीविताची आशा सोडली. अखेर जहाज कोठें तरी बऱ्या जागीं किनाऱ्यास लावावें म्हणून शिडें उभारलीं, तों अकस्मात् जमिनीकडून वारा सुटला आणि जहाज खोल पाण्यांत गेलें! ही ईश्वरी कृपा, असें फादरांनीं गोव्याहून आपल्या पित्यास कळविलें. आम्हांसहि दुसरें कारण सुचत नाहीं.

उशीर झाल्यामुळें मोझांबिक टाळून बाहेरच्या मार्गानें जावें लागलें. हिरड्या व पाय सुजून दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले, २७ मरण पावले. आणि ही संख्या थोडीच मानली गेली. ता. २४ ऑक्टोबर रोजीं गोवें आलें.

मग सुमारें ४० वर्षें गोव्यांत, बहुतेक साष्टी प्रांतांत गेलीं. त्यांनीं कोंकणीचें व्याकरण रचलें आणि मराठींत सुमारें ११,००० ओव्यांचें पुराण लिहिलें. मराठी टंक नसल्यामुळें तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमी अक्षरांत छापावें लागलें. १६१९ सालीं ते गोव्यांतच निवर्तले. पुराण देवनागरींत पुण्यास छापून निघावयास १९५६ साल उजाडलें.