सुगरणीचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण खोपा बांधतो नर, हे सलीम अलींनी झाडासमोर बसून शोधून काढलं

परभणी जिल्ह्यातलं पूर्णा म्हटलं की लोकांना आधी रेल्वेचं जंक्शन आठवतं. पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला जाऊन मिळते. पावसाळ्यात या भागात फिरलात, तर विहिरीवर झुकलेल्या एखाद्या बाभळीला लोंबकळणारे सुगरणीचे खोपे दिसतात.

गावाकडच्या माणसाला हे खोपे नवीन नाहीत. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तर ते महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले. पक्ष्याचं नावच सुगरण, म्हणजे घरकामात हुशार बाई. त्यामुळे एवढं देखणं घर मादीच बांधत असणार, असं आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. त्यामागचं सगळं गणित एका माणसाने नोकरी गेलेली असताना शोधून काढलं. त्या माणसाचं नाव डॉ. सलीम अली.

छर्ऱ्याच्या बंदुकीपासून सुरुवात

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. भावंडांमध्ये ते सगळ्यात धाकटे. लहानपणीच आईवडील गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवलं. मामांना शिकारीचा नाद होता. भाच्याच्या हातातही छर्ऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणं हा त्याचा खेळ झाला.

पण हा पोरगा नुसत्या चिमण्या मारून थांबत नव्हता, काय दिसलं ते लिहूनही ठेवत होता. दहाएक वर्षांचा असताना त्याने एका घरट्यावर पाळत ठेवली. आत मादी अंड्यांवर बसलेली, बाहेर नर पहाऱ्याला. त्याने नर मारला, तर मादीने दुसरा नर आणला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत त्याने असे आठ नर टिपले आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण हीच नोंद पुढे साठेक वर्षांनी पक्षीनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत छापली गेली.

एक दिवस त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, एवढं त्याला कळलं. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजेच बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. त्या पोराचं आयुष्य तिथे वळलं.

डिग्री नाही म्हणून नोकरी नाही

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सुटलं. घरच्या खाणधंद्यासाठी ब्रह्मदेशात जावं लागलं. 1918 मध्ये तहमिना यांच्याशी लग्न झालं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने तीही हुकली.

1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून काम मिळालं. 1928 मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या म्युझियममध्ये एर्विन श्ट्रेझमान या मोठ्या पक्षितज्ज्ञाकडे शिकले. 1930 मध्ये परत आले तर पैशांअभावी नोकरीच राहिली नव्हती.

वय चौतीसच्या घरात, हातात काम नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवराबायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. त्या पावसाळ्यात तिथल्या सुगरणींनी घरटी बांधायला घेतली आणि सलीम अली आडोसा धरून समोर बसले.

किहीमच्या झाडावर काय दिसलं?

तोवर सुगरणीबद्दल बरंच लिहिलं गेलं होतं. एकाच झाडावर काही खोपे पूर्ण आणि काही अर्धवट असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. अर्धवट खोपे नराला बसायला किंवा झोके घ्यायला असतात, अशी समजूत होती. ती खरी आहे का, हे तपासायला दिवसचे दिवस झाडासमोर बसावं लागणार होतं. ते काम सलीम अलींनी केलं.

त्यांना दिसलं ते असं. नर गवताच्या आणि पात्यांच्या पट्ट्या चोचीने फाडून आणतो आणि खोपा अर्ध्यापर्यंत विणतो. तेव्हा तो हेल्मेटसारखा दिसतो. मग माद्यांचा थवा येतो. नर पंख फडफडवून बोलावतात आणि माद्या आत शिरून घर तपासतात. पसंत पडलं तर मादी तिथे ठाण मांडते. त्यानंतरच नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पूर्ण करतो.

अर्धवट खोप्यांचं कोडं इथे सुटलं. तो झोपाळा नव्हता, पसंतीची वाट पाहणारं घर होतं. जे पसंत पडलं नाही, ते तसंच राहून जायचं.

गोष्ट इथेही संपत नाही. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. जमलं तर तिसरा. अंडी उबवणं मादीच्या एकटीच्या वाट्याला येतं. नर बांधतो, मादी निवडते आणि नर पुढच्या घराला लागतो, हा क्रम 1931 मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आला आणि सलीम अलींचं नाव देशाबाहेर पोहोचलं.

यासाठी लागलं काय? एक झाड, एक वही आणि रोज तिथे जाण्याची तयारी. दिसलं ते वेगळं लिहायचं आणि त्यावरून आपल्याला काय वाटलं ते वेगळं. अर्धा खोपा दिसणं ही नोंद झाली, तो झोपाळा आहे हा अंदाज झाला. लोक इतकी वर्षं अंदाजालाच नोंद समजत होते.

मग निजामाच्या मुलखात

पक्ष्यांच्या नोंदी नसलेले मोठे प्रदेश देशात अजून बाकी होते. खर्च द्या, काम मी फुकट करतो, असा प्रस्ताव सलीम अलींनी मांडला. त्यातून 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानाचा पक्षी सर्व्हे झाला. तेव्हा परभणी जिल्हा, म्हणजे पूर्णाही, याच संस्थानात होता. तंबूतला संसार आणि मुक्कामांची व्यवस्था तहमिना बघायच्या.

या सर्व्हेचे नमुने तपासले ह्यू व्हिसलर यांनी. गंमत म्हणजे हेच व्हिसलर आधी सलीम अलींवर चिडले होते. भृंगराज कोतवालाच्या शेपटीच्या पिसांबद्दल व्हिसलर यांच्या लिखाणातली चूक सलीम अलींनी जाहीरपणे दाखवली होती. व्हिसलर यांनी नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि दोघे मित्र झाले.

1939 मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही, स्वतःला कामात बुडवून घेतलं. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. 1964 ते 1974 या काळात डिलन रिप्ली यांच्यासोबत दहा खंडांचा संदर्भग्रंथ पूर्ण झाला. 1958 मध्ये पद्मभूषण आणि 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 1985 मध्ये ते राज्यसभेवर नेमले गेले. 1987 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. तो संपतो त्यांच्या जन्मदिवशी.

पण सुगरण बघायची तर नोव्हेंबरची वाट बघू नका. पावसाळ्यात खोप्यांच्या झाडाखाली थोडं लांब, शांत बसा. विणीच्या काळात नराचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं, मादी चिमणीसारखी मातकट असते. गवताची पट्टी कोणाच्या चोचीत आहे, तेवढंच बघा.