फर्डिनांड कोन

फर्डिनांड जुलिअस कोन (२४ जानेवारी १८२८ – २५ जून १८९८) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व आधुनिक जीवाणुशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. जीवाणूंच्या उष्णतारोधक बीजाणूंवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात.

जीवन

प्रशियातील ब्रेस्लाउ (सध्याचे पोलंडमधील व्रॉत्सवाफ) येथे एका ज्यू कुटुंबात कोन यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांना कमी ऐकू येऊ लागले. पुढे त्यांनी ब्रेस्लाउ विद्यापीठात प्रवेश घेतला. मात्र ज्यू असल्यामुळे त्यांना तेथे पदवी मिळू शकली नाही. त्यामुळे ते बर्लिनला गेले व १८४७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे ते ब्रेस्लाउ विद्यापीठातच प्राध्यापक झाले आणि १८६६ मध्ये त्यांनी तेथे वनस्पती शरीरक्रियाविज्ञान संस्था स्थापन केली.

बीजाणूंचा शोध

१८७२ मध्ये कोन यांनी आकारानुसार जीवाणूंचे वर्गीकरण केले व 'बॅसिलस' ही प्रजाती निश्चित केली. त्या काळी उकळलेल्या द्रावणातही काही वेळा जीवाणू वाढत. निर्जीव पदार्थांपासून सजीव निर्माण होतात, या मताचे समर्थक हाच आपला पुरावा मानत. वाळलेल्या गवताच्या काढ्याचे निरीक्षण करताना कोन यांना बॅसिलस सबटिलिस या जीवाणूत बीजाणू तयार होताना दिसले. उकळल्यावर वाढते जीवाणू मरतात, पण बीजाणू टिकून राहतात व काढा थंड झाल्यावर अंकुरतात, हे त्यांनी १८७६ मध्ये मांडले. त्यामुळे त्या पुराव्याचा आधारच ढासळला.

त्याच वर्षी रॉबर्ट कॉख या अप्रसिद्ध डॉक्टरने काळपुळी रोगाच्या जीवाणूंचे जीवनचक्र कोन यांना प्रत्यक्ष दाखवले. कोन यांनी ते संशोधन आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

महत्त्व

१८८५ मध्ये कोन यांना लेवेनहूक पदक मिळाले. त्यांनी अभ्यासलेल्या बॅसिलस सबटिलिसवरच विसाव्या शतकात किरणोत्सर्गरोधाचे संशोधन झाले. या बीजाणूंतील लहान प्रथिने डीएनएला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतात. सुप्तावस्थेत बीजाणूतील विकरे जवळजवळ निष्क्रिय असल्याने अतिनील किरणांमुळे झालेली हानी साचत जाते. बीजाणू अंकुरताना 'स्पोअर फोटोप्रॉडक्ट लायेज' हे विकर ती दुरुस्त करते. त्यासाठी त्याला प्रकाशाची गरज लागत नाही. कोन यांच्या काळी डीएनएचे कार्य अज्ञात होते. बीजाणूंच्या चिवटपणामागील रेणवीय कारणे अशा प्रकारे त्यांच्या पश्चात उलगडत गेली.