व्हिएन्नातील मुडदूस आणि डॉ. हॅरिएट चिक

पहिले महायुद्ध संपले तेव्हा व्हिएन्ना शहर उपाशी होते. दूध, लोणी, कोळसा, सगळ्याचीच टंचाई. मुलांच्या दवाखान्यात वाकड्या पायांची, फुगीर मनगटांची, वेळेवर बसू-उठू न शकणारी बाळे येत. हाच तो मुडदूस. त्याच्या कारणाबद्दल डॉक्टरांत एकमत नव्हते. कोणी जंतुसंसर्गाला दोष देई, कोणी कोंदट घरांना, तर कोणी आहाराला.

१९१९ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधून एक शास्त्रज्ञ तेथे पोहोचल्या. त्यांचे नाव डॉ. हॅरिएट चिक. जन्म १८७५ चा, घर लेसच्या व्यापाऱ्याचे, शिस्त कडक. १९०५ मध्ये त्यांनी लिस्टरमध्ये अर्ज केला, तेव्हा बाईला घेऊ नका, अशी विनवणी तिथल्या दोघा शास्त्रज्ञांनी संचालकांकडे केली होती. संचालक मार्टिन यांनी ती मानली नाही, हे बरेच झाले. जंतुनाशकांची ताकद मोजणारी चिक-मार्टिन चाचणी पुढे याच दोघांच्या नावाने ओळखली गेली. युद्धकाळात चिकबाई सैनिकांच्या स्कर्व्ही आणि बेरीबेरीमागचे आहाराचे कोडे सोडवत होत्या.

व्हिएन्नात बालरोग विभागाचे प्रमुख होते क्लेमेन्स फॉन पिर्के. ‘ॲलर्जी’ हा शब्द वैद्यकाला देणारे हेच. मुडदूस हा संसर्ग आहे, असे त्यांचे मत. आहाराने तो बरा होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, तरी त्यांनी आपले वॉर्ड आणि बाळे चिक यांच्या चमूकडे सोपवली. एवढे मोठे मन मोठ्या डॉक्टरांत नेहमीच सापडते असे नाही.

प्रयोग साधा होता, पण काटेकोर. सगळी बाळे एकाच रुग्णालयात, स्वच्छता आणि देखभाल सारखीच. काहींना तिथला नेहमीचा दुधाचा आहार, तर काहींना त्याऐवजी कॉड माशाच्या यकृताचे तेल घातलेला आहार. हाडांवर क्ष-किरणांनी लक्ष. हिवाळ्यात तेल न मिळालेल्या बाळांमध्ये मुडदूस दिसू लागला, तेल मिळालेल्यांमध्ये नाही. संसर्ग असता तर तो असा निवडून कसा झाला असता? उन्हाळ्यात मात्र दोन्ही गटांत नव्याने कोणालाच मुडदूस झाला नाही. आजारी बाळे उन्हात ठेवली किंवा त्यांना अतिनील दिव्याचा प्रकाश दिला, तरी हाडे तेलाइतकीच भरून आली.

तेल पोटात जाते, ऊन त्वचेवर पडते आणि परिणाम एकच! याचा उलगडा पुढे होत गेला. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असा हाडांना लागणारा घटक ओळखला. तेच ‘ड’ जीवनसत्त्व. उन्हातले अतिनील किरण ते त्वचेतच तयार करतात आणि त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते. त्याच वर्षी नाशिक भागातल्या पाहणीतूनही हेच दिसले होते. पडद्यात, घराच्या आत वाढणाऱ्या सधन घरांत मुडदूस होता, उन्हात राबणाऱ्या गरिबांत नव्हता.

व्हिएन्नात या चमूने मोठ्या माणसांकडेही पाहिले. उपासमारीने हाडे मऊ पडलेले हे रुग्ण बदकासारखे डुलत चालत, जिना चढताना थकत. कॉड माशाचे तेल दिल्यावर ते सुधारत. ‘ड’ कमी पडले की हाडांबरोबर स्नायूही दुबळे होतात, विशेषतः मांड्या आणि कंबरेचे. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे किंवा बैठका मारताना पाय लवकर थकणे, यामागे कधीकधी हीच कमतरता असते. ती भरून काढली की ताकद परत येते. पण रक्तातली पातळी मुळात पुरेशी असेल, तर जिममध्ये कोणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या जास्तीच्या गोळ्यांनी दंड फुगत नाहीत. उलट अतिमात्रेने रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. काचेच्या खिडकीआडचे ऊनही उपयोगाचे नाही, कारण हवे असलेले किरण काच अडवते.

चिक १९२२ मध्ये लंडनला परतल्या आणि आहारशास्त्रातच रमल्या. १९४९ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. व्हिएन्नातल्या त्या वर्षांची हकिगत त्यांनी १९७६ मध्ये एका वैद्यकीय इतिहासाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचे वय होते १०१. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.