आकाशवाणीची धून देणारे वॉल्टर काउफमान

मुंबईत, ठाण्यात किंवा अलिबाग-पनवेलकडे ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना आकाशवाणीची सकाळची धून आठवत असेलच. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तंबोरा वाजू लागायचा आणि त्यावर व्हायोलिनचे हळवे सूर यायचे. चहाचं आधण, शाळेची तयारी, बापाची कामावर जायची घाई, सगळं त्या सुरांवर चालायचं. पण ती धून बांधणारा माणूस युरोपातून आलेला यहुदी निर्वासित होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नाही. त्यांचं नाव वॉल्टर काउफमान. त्यांच्या शिक्षणाची कथा तर आणखीच कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातल्या कार्ल्सबाद गावी झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी हे गाव प्रसिद्ध. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होतं, आज चेक देशात आहे आणि त्याला कार्लोवी वारी म्हणतात. शाळा संपल्यावर संगीतरचना शिकण्यासाठी ते बर्लिनच्या सरकारी संगीत महाविद्यालयात दाखल झाले.

आता संगीतरचना कॉलेजात शिकायची म्हणजे काय, असं कोणी विचारील. आपल्याकडे गवई गुरूसमोर बसून शिकतो आणि मैफिलीत राग स्वतः फुलवत नेतो. युरोपात तसं नाही. तिथे रचनाकार आधी सगळं कागदावर लिहितो. साठ-सत्तर वादक असले तरी कोणी कुठला सूर, किती वेळ, किती जोरात वाजवायचा, ते सारं लिहिलेलं असतं. म्हणून विद्यार्थ्याला अनेक सूर एकत्र कसे बसवायचे, दोन-तीन चाली एकाच वेळी एकमेकींना न अडवता कशा चालवायच्या, प्रत्येक वाद्याची ताकद किती, हे वर्षानुवर्षं गिरवावं लागतं.

काउफमान यांना गुरूही मोठे मिळाले. रचना शिकवायला फ्रान्झ श्रेकर होते. त्यांचे ऑपेरा त्या काळी जर्मनीत गाजत होते आणि १९२० पासून ते त्या महाविद्यालयाचे प्रमुख होते. संगीतशास्त्रासाठी कुर्ट झाक्स होते. या झाक्स यांनी जर्मनीत बसून भारताच्या आणि इंडोनेशियाच्या वाद्यांवर १९१५ सालीच पुस्तक लिहिलं होतं. जगातल्या सगळ्या वाद्यांची त्यांनी व होर्नबोस्टेल यांनी जी चार गटांत विभागणी केली, ती आपल्या भरतमुनींच्या तंतुवाद्य, सुषिर, चामड्याची वाद्यं आणि घनवाद्य या विभागणीशी बरीच जुळते. म्हणजे हिंदुस्थानच्या संगीताची वाट काउफमान यांना वर्गातच दिसली असणार.

पण दिवस वाईट येत होते. श्रेकर यांचे वडील यहुदी. नाझींच्या दबावामुळे १९३२ साली त्यांना प्रमुखपद सोडावं लागलं आणि मार्च १९३४ मध्ये ते वारले. झाक्सही यहुदी. १९३३ साली त्यांची नोकरी गेली आणि ते पॅरिसला निघून गेले. ज्या वर्गात काउफमान शिकले, तो वर्गच मोडला.

काउफमान यांनी प्राग शहरातल्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास केला. विषय होता गुस्ताव माहलर यांच्या सिम्फनी. माहलरसुद्धा बोहेमियात जन्मलेले यहुदीच. प्रबंध लिहून झाला, पदवी अगदी हाताशी आली. आणि तेव्हा काउफमान यांना कळलं की आपले मार्गदर्शक प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे तिथल्या नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत. काउफमान यांनी ती पदवी घ्यायचं नाकारलं.

विचार करा. पंचविशी ओलांडलेला तरुण, इतकी वर्षं घासून केलेला अभ्यास, बाहेर काळ असा की यहुद्याला काम मिळायची मारामार. अशा वेळी माणूस म्हणेल, कागद घेऊन ठेवू, पुढचं पुढे. मार्गदर्शक कसा का असेना, अभ्यास तर माझा आहे. काउफमान यांनी तसं केलं नाही. त्यासाठी कोणी त्यांना हार घातले नाहीत आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली.

फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले. मुंबईच का? तर तिथला व्हिसा सहज मिळाला, एवढंच साधं कारण. थोडे दिवस राहून परतायचं असा बेत होता. राहिले मात्र बारा वर्षं.

आल्यावर त्यांनी इथलं गाणं ऐकलं, आणि ते त्यांना मुळीच रुचलं नाही, समजलं नाही. दुसरा कोणी असता तर नाक मुरडून गप्प बसला असता, तेव्हाचे कितीतरी गोरे साहेब तसेच होते. काउफमान यांनी उलटा विचार केला. इतक्या लोकांना जे प्रिय आहे, ज्यात त्यांनी बुद्धी आणि जीव ओतला आहे, ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्यात आहे. मग शिकायला हवं. बर्लिनचा शिकलेला रचनाकार पुन्हा विद्यार्थी झाला. रेकॉर्डी पुन्हा पुन्हा ऐकणं, गवयांचं ऐकणं, रागांची टिपणं काढणं, हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवरही त्यांनी लिहिलं.

पोटापाण्याचं कामही चालूच होतं. आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी वादन व्हायचं. काउफमान पियानोवर, व्हायोलिनवर पारशी कलाकार मेहली मेहता. १९३७ पासून १९४६ पर्यंत काउफमान मुंबई रेडिओवर युरोपीय संगीताचे प्रमुख होते.

ती धून १९३६ च्या सुमाराची. तिचं श्रेय बहुतेक जाणकार काउफमान यांनाच देतात आणि व्हायोलिन मेहली मेहतांचं होतं असं मानतात. तिची बांधणी शिवरंजनी रागावर आहे: सा, रे, कोमल ग, प आणि ध, एवढे पाचच सूर. बर्लिनला ज्याने भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचं शिक्षण घेतलं, त्याने इथे फक्त तंबोरा आणि व्हायोलिन घेतलं आणि दोन्हीकडचं संगीत शेजारी बसवलं. ना राग दुखावला, ना व्हायोलिन परकं वाटलं.

इकडे युरोपात काय चाललं होतं ते आपण जाणतोच. काउफमान यांची पहिली पत्नी गेर्टी ही प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून मारल्या गेल्या, त्यात गेर्टीची आई एली हीसुद्धा होती. मुंबईचा व्हिसा मिळाला नसता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

१९४६ साली काउफमान यांनी मुंबई सोडली. काही काळ लंडन, मग कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या संगीत विद्यालयात शिकवणं. १९४८ साली विनिपेग शहराच्या नव्या सिम्फनी वाद्यवृंदाचे ते पहिले संचालक झाले. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी वीस वर्षं शिकवलं. प्रागची पदवी ज्याने मागे टाकली, त्याच्यापुढे आता दुसऱ्यांची मुलं पदवीसाठी बसत होती. मुंबईत जमवलेल्या विद्येतून त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर १९६८ साली आणि दक्षिणेकडच्या रागांवर १९७६ साली मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन गावी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या स्वतःच्या रचना मात्र बरीच वर्षं कपाटात पडून होत्या. २०२० साली टोरांटोच्या एआरसी वादकसंघाने त्यातल्या काहींची रेकॉर्ड काढली, तेव्हा जगाला पुन्हा त्यांची ओळख झाली. त्यात मुंबईच्या दिवसांतल्या रचनाही आहेत. नातवंडांना सांगितलं तर ती फोनवर शोधून देतील, जरूर ऐका.

आणि एक गोष्ट आपल्या इस्रायलकरांसाठी. काउफमान यांच्याबरोबर दर गुरुवारी वाजवणाऱ्या मेहली मेहतांना १९३६ साली, म्हणजे धून झाली त्याच सुमारास, एक मुलगा झाला. त्या मुलाने पुढे व्हिएन्नाला जाऊन संगीताचं शिक्षण घेतलं आणि आपल्या इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची धुरा २०१९ पर्यंत वाहिली. तो मुलगा म्हणजे झुबिन मेहता.