साखळीच्या गुंत्यात रमलेला फ्लोरी

पॉलिथिनची पिशवी, नायलॉनची दोरी, बाइकचा टायर. आत शिरलात तर सगळीकडे एकच भानगड दिसेल, हजारो कड्यांच्या लांबलचक साखळीसारखे रेणू. असा रेणू द्रवात सोडला तर तो किती पसरतो? ऐकायला फालतू वाटणाऱ्या या प्रश्नाचा पॉल फ्लोरीनं आयुष्यभर पिच्छा पुरवला.

जन्म 1910 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. 1934 मध्ये पीएचडी झाली आणि ड्यूपाँ कंपनीत थेट वॉलेस कॅरोदर्सच्या टीममध्ये एन्ट्री. कॅरोदर्स म्हणजे नायलॉनवाला! त्याच्यामुळेच फ्लोरी पॉलिमरच्या नादी लागला. पण 1937 मध्ये कॅरोदर्स गेला, अवघ्या 41व्या वर्षी. पुढच्याच वर्षी फ्लोरीनं ड्यूपाँ सोडलं. मग सिनसिनाटी विद्यापीठ, युद्धाच्या काळात कृत्रिम रबरासाठी पुन्हा कंपन्या आणि 1948 मध्ये कॉर्नेल विद्यापीठ.

तेव्हा 'आदर्श साखळी'चं मॉडेल होतंच. त्यात प्रत्येक कडी हवी तिकडे वळते, दारू प्यायलेल्या माणसाच्या पावलांसारखी. गंमत म्हणजे कड्या शंभरपट वाढवल्या तरी दोन टोकांमधलं सरासरी अंतर फक्त दहापट वाढतं. गणित झकास, पण एक लोचा आहे. या मॉडेलमध्ये दोन कड्या एकाच जागी बसू शकतात. लोकलमध्ये 'जरा सरका' म्हणत चौथी सीट मिळते, अणूंना ती सोय नाही.

फ्लोरीनं 1949 मध्ये नेमकं हेच धरलं. कड्या एकमेकींना जागा देत नाहीत, म्हणून चांगल्या द्रावकात साखळी फुगते आणि अंतर दहापट नाही, जवळपास सोळापट वाढतं. मग आदर्श मॉडेल कचऱ्यात टाकायचं का? नाही! एका ठरावीक तापमानाला कड्यांमधलं आकर्षण आणि ढकलाढकली एकमेकांना बरोबर छेदतात आणि खरी साखळी आदर्श साखळीसारखीच वागते. हे 'थीटा तापमान'. सायक्लोहेक्झेनमधल्या पॉलिस्टायरीनसाठी ते सुमारे 34 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपला मे महिना! साखळ्या मोजायला, तोलायला संशोधकांना पक्की जमीन मिळाली ती इथे.

1953 मध्ये आलेलं त्याचं जाडजूड पुस्तक पॉलिमरवाल्यांचं बायबल ठरलं. 1974 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं. त्या नावाचं वजन त्यानं सोव्हिएत रशियात छळ सोसणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी वापरलं, हे मला नोबेलइतकंच भारी वाटतं. 1985 मध्ये तो गेला.

त्याच्या त्या सोळापटीच्या गणितात दोन चुका होत्या, हे पुढे लक्षात आलं. पण त्या एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात. त्याचा घातांक होता 0.6, आजचा काटेकोर आकडा 0.588.