रोग वंशाचा नव्हे, परिस्थितीचा

एखाद्या समाजात मृत्यूचे प्रमाण अधिक असले, की त्याचा दोष त्याच्या रक्ताला देऊन मोकळे होण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत विद्वानांमध्येही रूढ होती. विमा कंपनीतील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ साली कृष्णवर्णीयांच्या मृत्युदराचे खापर त्यांच्या वंशावरच फोडले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस घरोघर फिरू लागले.

१८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन येथे जन्मलेले ड्यू बॉइस हे हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय. तरीही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्राचे केवळ सहायक नेमले; शिकविण्यास वर्गही दिला नाही. पत्नी नीना यांच्यासह ते वस्तीतच राहिले आणि तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांची पाहणी त्यांनी स्वतः केली. २,४४१ कुटुंबांपैकी अवघ्या ३३४ कुटुंबांना न्हाणीघर व शौचालयाची सोय होती. क्षय आणि बालमृत्यूंचे मूळ त्यांनी अशा कोंदट, अस्वच्छ घरांत शोधले. 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा त्यांचा ग्रंथ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अटलांटात त्यांचा जेमतेम दीड वर्षाचा मुलगा घटसर्पाने दगावला. बालमृत्यूंच्या कोष्टकांतील एक आकडा आता त्यांच्या स्वतःच्या घरातला होता.

अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक असताना १९०६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर व शरीरप्रकृतीवर स्वतंत्र अहवाल संपादित केला. न्यूयॉर्क, शिकागोच्या काही गोऱ्या वस्त्यांतील क्षयाचे प्रमाण इतर काही शहरांतील कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त असल्याचे त्यात दाखवून दिले होते. आर्थिक स्थिती लक्षात घेतली, तर वंशाचा मुद्दा जवळजवळ उरतच नाही, हा त्याचा निष्कर्ष. हॉफमन यांना याहून सडेतोड उत्तर क्वचितच मिळाले असेल.

मात्र भोवताली झुंडी माणसांना जाहीरपणे ठार मारीत असताना केवळ संशोधन पुरेसे नाही, हे त्यांना उमगले होते. १९१० मध्ये विद्यापीठ सोडून ते 'द क्रायसिस' मासिकाचे संपादक झाले. १९३४ ते १९४४ ही दहा वर्षे त्यांनी पुन्हा अटलांटातच समाजशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाविषयी १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले. त्याला ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील अक्रा येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये समान हक्कांसाठी जमलेल्या लाखोंच्या समुदायाला ती वार्ता व्यासपीठावरून सांगण्यात आली.