लॅमिंग्टन रोडचे रामसे

लॅमिंग्टन रोड माहीत नाही असा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आपल्या कॉलेजात सापडणं कठीण. प्रोजेक्टसाठी लागणारी आयसी जवळपास कुठे मिळाली नाही की मुंबईच्या कुणा नातेवाइकाला फोन जातो, तो याच रस्त्यासाठी. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या एका सिंधी माणसाने याच रस्त्यावर रेडिओचं दुकान थाटलं होतं. त्यांचं नाव फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी. नाव ओळखीचं वाटत नाही ना? एफ. यू. रामसे म्हटलं की वाटेल. ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’वाल्या रामसे बंधूंचे हे वडील!

मित्रांनो, रामसेंचा पिक्चर म्हटलं की होस्टेलवर हशा पिकतो हे मला माहीत आहे. रबरी मुखवटा, धूर, करकरणारं दार आणि मुद्दाम घातलेले आंघोळीचे सीन. हसण्यासारखं आहेच, मीही हसतो. पण हे पिक्चर ज्या घरात तयार झाले त्या घराची गोष्ट कळल्यापासून माझं हसू जरा कमी झालंय.

माझं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. (२०२३ च्या आंदोलनानंतर हे नाव सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं. त्याआधी वडीगोद्रीजवळ, असं सांगावं लागायचं.) माझे चुलते सांगतात, त्यांच्या पोरपणी वर्गणी काढून भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे. रात्रभरात तीन पिक्चर. पहिला देवाधर्माचा, दुसरा मारधाडीचा, आणि बारकी पोरं झोपली की तिसरा रामसेंचा. बाकीचे दोन कोणते होते ते चुलत्यांना आता सांगता येत नाही, पण समरीचं मुंडकं अजून आठवतं. पिक्चर संपल्यावर अंधारात एकट्यानं वस्तीवर जायची कुणाची छाती झाली नाही, सगळे पारावरच आडवे झाले. ज्या पिक्चरला समीक्षकांनी कचरा म्हटलं त्याने आमच्या गावात एवढं काम केलं होतं!

तर फतेहचंद. कराचीत त्यांचा रेडिओचाच धंदा होता. गिऱ्हाइकांत इंग्रज साहेब असायचे आणि त्यांना रामसिंघानी म्हणता यायचं नाही, म्हणून रामसे झालं. १९४७ ला सगळं सोडून मुंबईला आले. पुन्हा दुकान. पण नाद सिनेमाचा. १९५४ साली ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ काढला. १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’, त्यात पृथ्वीराज कपूर आणि सुरैया. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. इथे मराठी वाचकाने जरा थांबावं, कारण याचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’ कादंबरीवालेच! १९७० साली रामसेंनी ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ काढला, तोही बेडेकरांनीच दिग्दर्शित केला.

हा १९७० चा पिक्चर पडला. घरात सात मुलं, डोक्यावर नुकसान. आता सिनेमा सोडून मुकाट दुकान सांभाळावं, अशी वेळ आली. पण तुलसी आणि श्याम ही मुलं थिएटरात जाऊन पब्लिक बघत बसली होती. एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा आणि जाड चिलखतासारखा पोशाख घालून चोरी करायला संग्रहालयात शिरतो. पोलिसांच्या गोळ्या त्याला लागत नाहीत. एरवी जांभया देणारं पब्लिक तेवढ्या वेळात सावरून बसायचं. मुलांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं की बाकीचं सोडून देऊ, आख्खा पिक्चर तेवढ्याचाच करू.

आता विचार करा, बुडालेला बाप अशा वेळी काय म्हणेल? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी काय उत्तर मिळालं असतं ते मी लिहीत नाही. फतेहचंदांनी ऐकलं. मला वाटतं, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची ही सवय असावी. सेट बंद पडला म्हणून कुणी अख्खा सेट फेकत नाही, त्यातला चालू भाग कोणता ते आधी बघतात.

पण ऐकलं म्हणजे लगेच पैसे काढून दिले असं नाही. शिकल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा बाणा. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सात जणांना पाठवणं परवडणारं नव्हतं. मग जोसेफ मॅस्केली या अमेरिकन माणसाचं सिनेमॅटोग्राफीवरचं गाजलेलं पुस्तक आणलं आणि मुलांना घेऊन थेट काश्मीर गाठलं. तिथे हाऊसबोटीवर मुक्काम टाकून महिनोन्‌महिने पुस्तक आणि प्रॅक्टिकल. (आपण एका विषयाचं पुस्तक पीएलमध्ये पहिल्यांदा उघडतो. असो.) त्यानंतर कामं वाटली गेली. कुमार लेखनाला, तुलसी-श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीच्या व्यवस्थेला. बाहेरच्या माणसाला पगार द्यायची वेळच कमी.

१९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ असाच झाला. सेट लावला नाही, स्टुडिओ घेतला नाही. सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेलं आणि सरकारी गेस्ट हाऊस भाड्याने घेतलं. घरच्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला. चाळीसेक दिवसांत, सुमारे साडेतीन लाखांत पिक्चर डब्यात! धुकं तर महाबळेश्वरचं फुकटचंच. पब्लिकने तो उचलून धरला आणि पुढे वीसेक वर्षं हे दुकान बंद पडलं नाही. ‘दरवाज़ा’ १९७८, ‘गेस्ट हाऊस’ १९८०, ‘होटल’ १९८१, ‘पुराना मंदिर’ १९८४, ‘वीराना’ १९८८.

सगळे चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीपचं शोलेच्या नकलेचं उपकथानक आहे, ते चालू झालं की मी सरळ जेवायला जातो. बायकांचं चित्रण तर आज बघवत नाही, आणि बजेट कमी होतं हे काही त्याचं कारण होऊ शकत नाही. पण राक्षस दिसायच्या आधीची पाच मिनिटं बघा. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवा किंवा निळा दिवा, मधे धूर, आणि खोलीचा अर्धा भाग काळोखात. एकतर काळोखाला पैसे पडत नाहीत, शिवाय मुखवट्याचा जोडही झाकला जातो. मर्यादेतून डिझाइन कसं निघतं ते मला क्लासपेक्षा इथे जास्त कळलं. बरं, समरी झालेला अनिरुद्ध अगरवाल हासुद्धा रुडकीचा सिव्हिल इंजिनिअर! साडेसहा फुटांच्या आसपासची उंची घेऊन तो रामसेंकडे पोचला आणि मेकअपचा निम्मा खर्च वाचला असणार.

फतेहचंद स्वतः पुढे कधी फारसे आले नाहीत. मुलाखती दिल्या त्या मुलांनी. घरातला शेवटचा शब्द मात्र वडिलांचा असायचा. १९८९ साली ते गेले. मुलं पुढे वेगवेगळी झाली. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि रामसेंची भुतं घरोघरच्या टीव्हीवर पोचली, पण ते बघायला हा रेडिओवाला नव्हता. तुलसी २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला.

कुणाला बघायचाच असेल तर ‘दो गज़ ज़मीन के नीचे’पासून सुरुवात करा, ‘वीराना’ नंतर. दिवे घालवा आणि सुरुवातीची नामावली पुढे ढकलू नका. एकामागून एक रामसे येत राहतात, मोजायला मजा येते.